अभ्यासात मन न लागणाऱ्या मुलासाठी सहा आठवडे : घरी आणि वर्गात काय करायचं

"सर, डोकं आहे हो त्याला, फक्त मन लागत नाही." सहामाहीचे पेपर वाटले की हे वाक्य दरवर्षी कानावर येतं. कधी मंगळवार पेठेतले रिक्षा चालवणारे वडील म्हणतात, कधी उसाला पाणी पाजायचं सोडून करवीर तालुक्यातल्या गावातून आलेली आई म्हणते. मी कोल्हापुरात गणित शिकवतो आणि संध्याकाळी शुक्रवार पेठेत एक छोटी अभ्यासिका चालवतो. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. आधी मन लागतं आणि मग जमायला लागतं, असं फार थोड्या मुलांचं होतं. बहुतेकांना आधी थोडं जमतं, त्या जमण्याची चव कळते आणि मग मन लागतं. म्हणून मुलाला तासभर समजावून सांगण्यापेक्षा, आज त्याला एखादी गोष्ट खरोखर जमेल अशी सोय करणं हे आपलं, मोठ्यांचं काम आहे.

ही सोय कशी करायची ते इथे लिहितो. बी.एड.ला आपण अध्ययनाच्या उपपत्ती, म्हणजे मूल कसं शिकतं याचे सिद्धांत, पाठ करतो, पेपर लिहितो आणि विसरतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टी घरच्या ओट्याजवळ बसूनही करता येतात. मुलं पाचवी ते नववीची धरली आहेत. रोज चाळीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे. एक शंभरपानी वही, लाल पेन आणि मुलाच्या इयत्तेपेक्षा एक-दोन इयत्ता खालची पाठ्यपुस्तकं जवळ ठेवा. जुनी पुस्तकं रद्दीत गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात.

पहिली पायरी : पोरगं नेमकं कुठे अडलंय ते शोधा

पहिला आठवडा यातच जाऊ द्या. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

आठवीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. बीजगणित काढलं की त्याला जांभया यायच्या. घरचे म्हणायचे आळशी आहे. मी बीजगणित बाजूला ठेवून त्याला दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश करायला दिलं. त्याने क्षणभरही न थांबता लिहिलं, तीन सप्तमांश. कसं केलंस विचारल्यावर म्हणाला, "वरचं वरच्यात, खालचं खालच्यात." मी चूक म्हटलं नाही. विचारलं, "अर्धी भाकरी खाल्लीस, वर चतकोर खाल्लीस. किती झाली?" "पाऊण." हे उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. मग म्हटलं, "आता तुझ्या रीतीने वहीत कर." त्याने एक द्वितीयांश आणि एक चतुर्थांश मांडले, वरचं वरच्यात मिळवलं, खालचं खालच्यात. उत्तर आलं दोन षष्ठांश, म्हणजे एक तृतीयांश. तो वहीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, हे तर अर्ध्यापेक्षा कमी झालं. खाऊन भाकरी कमी कशी होईल?"

आठवीचं बीजगणित त्याला कंटाळवाणं वाटत नव्हतं. ते सहावीच्या अपूर्णांकांवर उभं होतं आणि खालची फरशीच सुटलेली होती. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. ठरावीक वयाची मुलं ठरावीक प्रकारेच चुकतात, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं आणि बरोबर उत्तरांपेक्षा चुकांमध्ये त्यांना जास्त रस वाटू लागला. मूल म्हणजे रिकामी घागर नव्हे. त्याने आपल्या परीने काहीतरी नियम बांधलेला असतो. तो नियम काय आहे ते कळेपर्यंत आपण शिकवलेलं वरून वाहून जातं.

हे घरी असं करा. एका विषयाचा एक घटक घ्या. खालच्या इयत्तेच्या पुस्तकातून दहा प्रश्न काढा. मुलाला सोडवताना मोठ्याने बोलायला सांगा आणि आपण मध्ये बोलू नका, चुकलं तरी. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत एकेक इयत्ता खाली उतरत जा. आठ बरोबर आले की ती त्याची पक्की जमीन. तिच्या लगेच वरची पायरी म्हणजे आपण जिथून सुरू करायचं ती जागा. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की १९३४ मध्ये अवघ्या ३७व्या वर्षी गेले, पण त्यांनी मांडलेली एक कल्पना आजही रोज उपयोगी पडते. मुलाला एकट्याला काय जमतं आणि कुणी थोडा हात दिला तर काय जमतं, या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. पट्ट्याच्या खाली कंटाळा आहे आणि वर भीती. आपण बहुतेक वेळा मुलाला वरच्या टोकाला नेऊन उभं करतो.

एक पथ्य मात्र पाळा. खालच्या इयत्तेचं पुस्तक धाकट्या भावंडांसमोर, पाहुण्यांसमोर काढू नका. मुलाला ते फार लागतं.

दुसरी पायरी : घास लहान करा

आमच्या पेठेतल्या तालमीत मी पुष्कळदा जाऊन बसतो. नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी कुस्ती लावत नाहीत. आधी हौद्यातली माती खणायची, मग जोर-बैठका. मग एकच डाव, समजा पट काढायचा. तोही आधी जोडीदार नुसता उभा असताना. वस्ताद पोराचा हात धरून नेमका घोट्याच्या वर ठेवतात आणि म्हणतात, "हितं. आता खांदा लाव." दहा वेळा हात धरतात, अकराव्या वेळी सोडतात. मग जोडीदार थोडा जोर लावायला लागतो. डाव तोच, पण अडचण चिमूटचिमूट वाढवत नेलेली.

मुलाच्या वहीत आपण हेच विसरतो. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी दाखवलं की माणूस एका वेळी मनात साधारण सातच गोष्टी धरून ठेवू शकतो. पुढच्या संशोधकांनी तर हा आकडा चारच्या आसपास आणला. सहाव्या ओळीपर्यंत उदाहरण गेलं की त्यात लसावि आला, चिन्ह आलं, कंसही आला. ज्याचे पाढे पक्के नाहीत त्याचं डोकं सात आठे किती यातच भरून जातं. बाकीच्यासाठी जागाच उरत नाही. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात यावरून बोधनिक भाराची, म्हणजे डोक्यावर एका वेळी पडणाऱ्या ओझ्याची, उपपत्ती मांडली. नवशिक्याला लगेच कोरं उदाहरण देण्यापेक्षा आधी सोडवलेलं उदाहरण नीट समजून घ्यायला द्यावं, तो कमी भारात जास्त शिकतो.

म्हणून एका प्रकारची तीन उदाहरणं अशी द्या. पहिलं पूर्ण सोडवलेलं. मुलाने फक्त प्रत्येक ओळीशेजारी "हे का केलं" ते आपल्या शब्दांत लिहायचं. दुसरं अर्धं सोडवलेलं, शेवटच्या दोन ओळी त्याच्या. तिसरं संपूर्ण त्याचं. भाषेतही हेच चालतं. निबंध लिही म्हणण्याऐवजी सुरुवातीचा परिच्छेद तयार द्या आणि पुढचा त्याला लिहू द्या.

इथे पाढ्यांबद्दल थोडं जास्त बोलतो. पाठांतर म्हणजे घोकंपट्टी, असं म्हणून ते मोडीत काढायची पद्धत पडली आहे आणि मला ती पटत नाही. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, साडेतीन यांचे पाढे, तोंडपाठ होती. ती माणसं बाजारात उभ्या उभ्या हिशेब करायची, कारण आकडे जिभेवर होते आणि डोकं व्यवहारासाठी मोकळं होतं. अर्थ न कळता पाठ केलेली व्याख्या वाया जाते, हे खरं. पण अर्थ कळलेला पाढा पाठ असणं ही आयुष्यभराची सोय आहे. या सहा आठवड्यांत रोज पाच मिनिटं पाढ्यांना द्याच.

तिसरी पायरी : वाचून झालं की पुस्तक मिटा

सगळ्यात कमी वेळात सगळ्यात जास्त फरक पाडणारी ही पायरी आहे.

मुलं धडा चार चार वेळा वाचतात, खाली रेघा ओढतात. ओळखीचं वाटायला लागलं की झाला अभ्यास. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पालकांनी यातली पाच मिनिटांची गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आदल्या रात्री वाचून सकाळी घटक चाचणी दिली की बरं चाललंय असं वाटतं आणि वार्षिक परीक्षेला सगळं पुसून गेलेलं असतं.

रीत अशी. दहा मिनिटं वाचन. मग पुस्तक मिटून पालथं ठेवायचं. कोऱ्या पानावर आठवेल ते लिहायचं, मुद्दे, शब्द, आकृती, काहीही. अडलं तरी दोन मिनिटं तसंच बसायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. त्या लाल अक्षरांना गुण द्यायचे नाहीत आणि त्यावर बोलायचं नाही. लाल मजकूर म्हणजे उद्याचा अभ्यास, इतकंच. पहिले चार-पाच दिवस मूल कुरकुर करेल, कारण हे वाचण्यापेक्षा जड जातं. जड जातं म्हणूनच ते टिकतं, हे त्याला सांगा.

तेच पान दुसऱ्या दिवशी, मग आठव्या दिवशी, मग तीन आठवड्यांनी पुन्हा आठवायचं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश विसरलं जातं, आणि एकाच बैठकीत रट्टा मारण्यापेक्षा दिवसांत वाटून केलेली उजळणी कमी कष्टात होते. पानाच्या कोपऱ्यात या तारखा आधीच लिहून ठेवा. शुक्रवारी मागच्या सगळ्या प्रकारांतली उदाहरणं मिसळून द्या. एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवताना रीत कोणती हे मुलाला ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं.

चौथी पायरी : बक्षीस हात राखून द्या

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगतो. एका शाळेत असताना वाचनाचा तास माझ्याकडे होता. मुलांनी वाचावं म्हणून मी भिंतीवर तक्ता लावला. एका पुस्तकाला एक तारा, दहा ताऱ्यांना एक पेन. पंधरा दिवसांत कपाट रिकामं झालं आणि मला फार आनंद झाला. नंतर लक्षात आलं की मुलं सगळ्यात पातळ पुस्तकं आधी उचलतायत. दिवाळीनंतर पेनं देणं मला परवडेना, तक्ता उतरवला. कपाटाकडे कुणी फिरकेना. वर्गात तीन मुली तक्त्याच्या आधीपासून, काहीही न मिळता, दुपारच्या सुट्टीत वाचत बसायच्या. त्यांनीही सोडलं होतं. त्यातल्या एकीला मी विचारलं तर म्हणाली, "आता तारे नाहीत ना सर."

असं का झालं ते मला फार नंतर कळलं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला होता. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या वेळेत पाहिलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नव्हती. मूल स्वतःशी नकळत हिशेब मांडतं की हे मी कशासाठी करतोय. उत्तर "पेनासाठी" असं आलं की पेन संपताच काम संपतं.

बक्षीस कधीच द्यायचं नाही असं मी म्हणत नाही. बी. एफ. स्किनर यांनी प्रबलनावर जे काम केलं ते खोटं नाही, ज्या वागण्यामागून चांगलं फळ येतं ते वागणं वाढतं. ज्या कामात मुलाला मुळीच रस नाही ते सुरू करून द्यायला, पहिल्या दोन आठवड्यांपुरतं, लहानसं बक्षीस चालतं. पाढे, शुद्धलेखन, अशा कामांना. पण जे मूल आपणहून करतंय त्यावर बक्षीस लावू नका. आणि "नव्वद टक्के पडले तर मोबाइल" हा सौदा कृपा करून टाळा. तो निकालावर आहे, निकाल दहा महिने दूर आहे आणि आज संध्याकाळी वही उघडायला तो काही उपयोगाचा नाही. द्यायचंच तर न सांगता द्या. सलग दोन आठवडे वही नीट झाली, चला रंकाळ्यावर भेळ खायला.

पाचवी पायरी : फुटबॉलमध्ये जे मिळतं ते वहीत मिळू द्या

हंगाम सुरू झाला, शाहू स्टेडियमवर सामने लागले की पेठांतल्या घरांत भांडणं होतात. पोरगं अभ्यास सोडून मॅचला पळतं. मी पालकांना सांगतो, मॅच बंद करू नका, आधी त्या पोराकडे नीट बघा. संध्याकाळी भिंतीवर वीटकरीने चौकट आखून ते पन्नास वेळा एकच किक मारतं. कुणी सांगितलेलं नसतं. मग मन लागत नाही हे खरं कसं?

तिथे काय आहे ते पाहू. चेंडू चौकटीत गेला की नाही हे त्याच क्षणी कळतं, गणिताची वही आठ दिवसांनी तपासून येते. किती लांबून मारायचं हे तो स्वतः ठरवतो. दोस्त शेजारी असतात आणि चुकलं तरी ते त्याला संघातून काढत नाहीत. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी १९८५ पासून मांडलेल्या स्वयंनिर्धारण उपपत्तीत माणसाच्या याच तीन गरजा सांगितल्या आहेत. आपलं आपण ठरवता यावं, आपल्याला जमतंय हे जाणवावं आणि आपली माणसं सोबत असावीत. तिन्ही मिळाल्या की ढकलावं लागत नाही.

वहीत हे आणायचं ते असं. उत्तरं मागच्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक उदाहरणानंतर मुलाला स्वतः ताडून पाहू द्या, दहा झाल्यावर नको. दोन-तीन गोष्टी त्याला ठरवू द्या: आधी गणित की विज्ञान, टेबलावर की माळ्यावर, सात वाजता की आठ. अभ्यास करायचा की नाही हा प्रश्न त्यात नाही, तो घराचा नियम आहे. आणि आठवड्यातून एकदा त्याच्याच बरोबरीचा एक सोबती बसवा. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेची कल्पना मांडली. आपल्याला जमेल हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतःला जमल्याच्या अनुभवातून येतो. त्यानंतर येतो तो आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना बघून. इथे आपल्यासारख्याच हा शब्द महत्त्वाचा. बोर्डात आलेल्या मुलाचा फोटो दाखवून पोराचा विश्वास वाढत नाही. मागच्या महिन्यात अडणारा बाकावरचा सोबती आज सोडवतोय हे पाहून वाढतो.

कोल्हापुरात हे नव्याने सांगायला नको. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या पोराला शाळेत नाव आणि पोटाला भाकरी तर मिळालीच, पण रात्री दिव्याजवळ आपल्यासारखाच दुसरा पोरगा वाचत बसलेला दिसला. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, तेव्हा मुलं शाळेत पाठवण्याची सक्ती पालकांवर होती. हा तपशील मला मोलाचा वाटतो, कारण सोय करणं हे मोठ्यांचं काम, हेच त्यातही आहे.

सहावी पायरी : काय बोलायचं आणि काय नाही

म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. सोपी कोडी सुटल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. पुढे अवघड कोड्यांत सगळेच अडले. त्यानंतर "हुशार" म्हटलेली मुलं लवकर हात टेकू लागली, पुन्हा सोपी कोडी दिली तरी त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. पण या संशोधनाचा बाजारही झाला. वर्गात नुसते तक्ते लावून, एखादं व्याख्यान देऊन मुलं बदलत नाहीत. पुढच्या मोठ्या अभ्यासांत असा परिणाम छोटाच दिसला आहे. रीत चुकीची असताना नुसतं "मेहनत कर" म्हणणं हा तर मुलावर अन्याय आहे.

म्हणून जे दिसलं तेच बोला. "काल समच्छेद करायला विसरत होतास, आज तिन्ही वेळा केलास." "अडल्यावर आकृती काढलीस, ते बरं केलंस." नापास झालं तर "तुझ्या डोक्यातच जात नाही" हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. अपयशाचं कारण न बदलणाऱ्या गोष्टीत आहे असं मुलाला पटलं की ते हात सोडतं. सेलिग्मन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात हेच पाहिलं. काहीही केलं तरी धक्का चुकत नाही हे शिकलेले बहुतेक प्राणी पुढे सुटकेची वाट उघडी असतानाही बसून राहिले. शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेली मुलं मला त्यामुळे आळशी दिसत नाहीत. आणि आत्याच्या मुलीशी तुलना नको.

अमुक मूल बघून शिकणारं, तमुक ऐकून शिकणारं, अशा चाचण्यांवर पैसे घालवू नका. २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात त्यासाठी पुरेसा पुरावा सापडला नाही.

हे सगळं करूनही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहीच हललं नाही तर आधी डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं न दिसणारी मुलं दरवर्षी सापडतात. मूल तोंडी छान सांगतं पण वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, असं दिसलं तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. झोप उडाली, जेवण सुटलं, सारखं पोट दुखतं म्हणून शाळा बुडते, तर सहा आठवडे थांबू नका, समुपदेशकाकडे जा.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या आठवड्यात जिथे अडलं होतं त्या पायरीचेच दहा प्रश्न, आकडे बदलून, पुन्हा द्या. दोन्ही पानं मुलाच्या हातात शेजारी शेजारी ठेवा आणि त्यालाच फरक सांगू द्या. आठ बरोबर आले तर पुढची पायरी, नाही आले तर त्याच जागी आणखी दोन आठवडे.

मी गुणांसोबत आणखी एक गोष्ट बघतो. मूल परीक्षेत न येणारा प्रश्न विचारतंय का? भाकरीवाल्या मुलाने पाचव्या आठवड्यात मला विचारलं, "सर, चतकोर करायला भाकरी दोनदा मोडली की झालं. पाच सारखे भाग कसे मोडायचे?" मी उत्तर दिलं नाही, एक कोरा कागद गोल कापून त्याच्याकडे सरकवला. अभ्यासिका बंद करायची वेळ झाली तरी तो घड्या घालून बघत होता.